ऑगस्टमध्ये कॅमेरा विकायला निघालेला मुलगा

"मॅडम, हल्ली फोटो सगळेच काढतात. मग मला पैसे कोण देणार?" समीर (नाव बदललंय) माझ्याकडे समुपदेशनाला आला तो कॅमेरा विकायचं ठरवूनच. वय २८. वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ, हा लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दीड महिना एक काम नाही आणि लेन्सचा हप्ता चालू.

फोटोबद्दल मी काही बोललेच नाही. कागदावर बारा महिने मांडायला लावले. तुळशीच्या लग्नानंतर उसंत नाही, चातुर्मासात शुकशुकाट. कमाई सात-आठ महिन्यांची, हप्ते बाराही महिन्यांचे. 'माझ्यात दम नाही' असं तो जे म्हणत होता, त्यातलं निम्मं निव्वळ पंचांग होतं! हप्ता हंगामातच बाजूला काढायचा, एवढंच ठरलं.

उरलेलं निम्मं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. "रील कधी मिळेल म्हणून लोक मागे लागतात. माझे फोटो पेनड्राइव्हमध्ये पडून असतात." खरं दुखणं हे होतं. म्हटलं, आजवरच्या फोटोंतले दहा निवड आणि छापून आण.

आला तेव्हा सातच होते. एकात पाठवणीनंतरचा रिकामा मांडव, आणि चपला काढून खुर्चीवर बसलेला मुलीचा बाप. "व्हिडिओतही हे आहे, मॅडम. पण तिथे ते निघून जातं. इथे त्यांच्याजवळ बसता येतं." आम्ही दोघंही मग बराच वेळ त्या फोटोपाशी बसलो.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं काम बघ, असं मी सुचवलं. वृत्तपत्रातलं काम सांभाळत त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं टिपलं. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पोटाचं काम आणि मनाचं काम एकाच ऑर्डरीतून निघावं, हा हट्ट समीरने तिथे सोडला असावा.

तो फोटो त्याला स्टुडिओत लावायचा होता. म्हटलं, थांब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार ग्राहक असतो. हे त्याच्या गावीही नव्हतं. आता ऑर्डर घेतानाच तो लेखी ठरवतो.

परवानगी मागायला गेला, तर त्या गृहस्थांनी आधी स्वतःसाठीच मोठी प्रत मागितली. चपला कापू नकोस, असं बजावून.