दिवा आधी आवरा, वायू मग मोजा

प्रश्न : माझ्या दोन फुटी मत्स्यटाकीत वनस्पतींची वाढ जोमाने व्हावी म्हणून मी अधिक प्रखर एलईडी दिवा रोज दहा तास लावतो आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड रात्रंदिवस सोडतो. तरीही अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळे, दाढीच्या खुंटांसारखे शेवाळ धरले आहे आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. वायू वाढवावा की कमी करावा?

उत्तर : आपल्या टाकीत हा वायू रात्री साचतो आणि दिवसा कमी पडतो. अंधारात वनस्पती तो शोषत नाहीत. उलट माशांप्रमाणेच प्राणवायू वापरून त्यात भर घालतात. सिलिंडरही चालूच राहिल्याने पहाटे मासे घुसमटतात. म्हणून आजच सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी वायूची झडप) टायमरला जोडून वायू दिवा लागण्याच्या दीड-दोन तास आधी सुरू आणि दिवा विझण्याच्या तासभर आधी बंद होईल असे करावे. रात्री एअर पंप लावावा.

शेवाळाचे मूळ मात्र दिव्यात आहे. वनस्पतींची भूक प्रकाश ठरवतो, आणि आपण पंगतीत पाने वाढवून भात तेवढाच शिजवला आहे. भात म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो वाढवण्यालाही मर्यादा आहे, कारण लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमच्या बरेच पुढे गेल्यास माशांना त्रास होतो. तेव्हा दिवा सहा-सात तासांवर आणावा आणि शक्य असल्यास थोडा वर उचलावा. अनुबियास ही पश्चिम आफ्रिकेतील ओढ्यांकाठच्या सावलीत वाढणारी संथ वनस्पती असल्याने तिचे यात काहीच बिघडणार नाही.

सेकंदाला किती बुडबुडे, या हिशेबाला मी फारसा मान देत नाही. बुडबुड्याचा आकार आणि पाण्याची खळबळ प्रत्येक टाकीत निराळी असते. त्यापेक्षा ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू रंगावरून दाखवणारे छोटे पात्र, टाकीत लावावा, पण त्यात टाकीतले पाणी न भरता ४ डीकेएचचे (डीकेएच हे पाण्यातील कार्बोनेट मोजण्याचे एकक) तयार द्रावण भरावे. निळा रंग म्हणजे वायू कमी, पोपटी हिरवा म्हणजे पुरेसा आणि पिवळा म्हणजे धोका. हा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे रेग्युलेटर फिरवून लगेच त्याच्याकडे पाहण्यात अर्थ नाही. बदल दिवसाला थोडाच करावा आणि तोही आपण घरी असताना.

शेवाळाने माखलेली जुनी पाने सहसा आपोआप स्वच्छ होत नाहीत. ती देठापासून कापून टाकावीत आणि तीन-चार आठवड्यांनी फक्त नव्या पानांच्या कडा तपासाव्यात.