अमेरिकेत खेळाडूंवर लावतात ती 'प्लेअर प्रॉप' पैज नेमकी काय असते?

सामना कोण जिंकतो याच्याशी तिचं देणंघेणं नाही. पैज लागते एका खेळाडूच्या आकड्यावर. समजा, एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या कुणाच्या गुणांची लाइन, म्हणजे बुकीनं ठरवलेला आकडा, २५.५ आहे. तो २६ किंवा जास्त करेल असं वाटलं तर 'ओव्हर', नाहीतर 'अंडर'. तो अर्धा गुण बरोबरी होऊ नये म्हणून.

खरी गोम दरात आहे. दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा -११० दिसतं, म्हणजे १०० डॉलर कमवायला ११० लावायचे. छापा-काटा असल्यासारखी पैज, पण नुसतं पदरचं जाऊ नये म्हणून शंभरात साडेबावन्नच्या आसपास वेळा बरोबर यावं लागतं. बुकीचं घर त्यावर चालतं. तीन-चार प्रॉप एकत्र बांधून 'पार्ले' केला, की एक चुकला तरी सगळं पाण्यात.

नवशिके सरासरी बघतात. मी म्हणेन, आधी तो किती मिनिटं खेळणार ते बघा. बाकावर बसलेला माणूस गुण कुठून करणार?

आणि तो मुद्दाम बसला तर? मार्च २०२४ मध्ये टोरंटो रॅप्टर्स या एनबीए संघाचा खेळाडू जाँटे पोर्टर बरं नाही म्हणून तीनेक मिनिटांत बाहेर गेला. त्याच्या 'अंडर'च्या पार्लेवर ८०,००० डॉलर लागले होते, मिळणार होते ११ लाख. ती पैज गोठवली गेली आणि एप्रिलमध्ये एनबीएनं त्याच्यावर आजन्म बंदी घातली.

इथे बसून ॲपवर खेळायचा विचार असेल तर सोडा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.