इस्रायलसारखी सक्तीची सैन्यसेवा भारतातही हवी, असं म्हणणाऱ्या मित्रांशी वाद कसा घालावा?

आधी त्यांना विचारा, सक्ती नेमकी कशासाठी? दहापैकी आठ जण ‘पोरांना शिस्त लागेल’ म्हणतील. मग तो वाद सैन्याचा नाहीच, पोरांचा आहे; त्यात तुम्ही युद्धनीती घेऊन उतरू नका.

खरंच संरक्षणाचा मुद्दा असेल तर आकड्यांवर या. इस्रायलची लोकसंख्या साधारण एक कोटी. आपल्याकडे दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलंमुली अठराव्या वर्षात येतात आणि भूदल आहे बारा-तेरा लाखांचं. एवढ्यांना बराकी, प्रशिक्षक, पगार कुठून आणणार? इथे बहुतेकांचा आवाज खाली येतो. शिवाय भरतीच्या मैदानावर पहाटेपासून रांगा लागतात, मग सक्ती कोणावर करायची? (अग्निवीर म्हणजे सक्ती नव्हे, हेही सांगावं लागतं. ती चार वर्षांची, स्वेच्छेची भरती आहे.)

पण समोरच्याचा एक मुद्दा मान्य करा: सक्ती घटनाबाह्य आहे, हे आपल्या बाजूचे लोक ठोकून देतात ते चूक. कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा देतं. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव नको.

आणि इस्रायलचंच उदाहरण पुढे न्या. तिथे कट्टर धार्मिक ज्यूंना दिलेल्या सवलतीवरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करा म्हणून निकाल दिला. आपल्याकडे सवलतींची यादी कोण करणार, एवढंच विचारा.