विमानात रुमाल टाकता येतो का?

विमानात चढतानाची रांग, धरून ठेवलेल्या जागा आणि सीटची अदलाबदल या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे ह्यूस्टनला गेलो असताना तिथून डॅलसला साउथवेस्टच्या विमानाने जाणं झालं. बोर्डिंग पासवर सीट नंबर नव्हता, नुसतं 'बी ३४' लिहिलेलं. मी आत जाऊन चौतिसावी ओळ शोधत राहिलो, तर विमानात तेवढ्या ओळीच नाहीत! हा काय प्रकार? यंदा पुन्हा जायचं आहे. (नाशिक)

तो नंबर बसण्याचा नव्हता, उभं राहण्याचा होता. साउथवेस्ट ही अमेरिकी विमान कंपनी १९७१ मध्ये डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या टेक्ससमधल्या तीन शहरांत सुरू झाली, तेव्हापासून तिथे ठरलेली सीट नव्हती. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत चारातलं एक विमान विकावं लागलं. उरलेल्या तीन विमानांत चारांचं वेळापत्रक बसवायचं, म्हणून विमान उतरल्यापासून १० मिनिटांत रिकामं करून, भरून पुन्हा निघायचं असं ठरलं. मिळेल तिथे बसा, ही पद्धत त्या घाईला सोयीची होती.

२००७ च्या अखेरीस रांगेला नंबर आले. ए, बी आणि सी असे तीन गट, प्रत्येकात १ ते ६०. गेटपाशी पाच-पाच नंबरांचे खांब. तुमचा 'बी ३४' म्हणजे ३१ ते ३५ लिहिलेल्या खांबाजवळ उभं राहायचं, तेही बी गट पुकारल्यावर. बहुतेकांचा नंबर चेक-इनच्या वेळेवर ठरायचा. चेक-इन उड्डाणाच्या बरोबर २४ तास आधी उघडे आणि दहा मिनिटं उशीर झाला तरी माणूस पन्नास-साठ नंबर मागे जाई. पहिल्या १५ जागा जास्त पैसे मोजणाऱ्यांच्या.

सी गटात कुणाला का जायचं नसे, याचा हिशेब सोपा आहे. कंपनीच्या मोठ्या बोइंग ७३७ मध्ये १७५ सीट. एका ओळीत सहा, त्यातल्या दोन मधल्या. म्हणजे एक तृतीयांश, सुमारे ५८ सीट मधल्या. ए आणि बी मिळून १२० माणसं आधी चढणार. शेवटच्या ५५ जणांना काय उरतं, ते सांगायला नको.

हे सगळं २७ जानेवारी २०२६ पासून बंद झालं. आता सीट नंबर मिळतो आणि चढण्यासाठी १ ते ८ असे गट असतात. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे सर्वांत स्वस्त 'बेसिक' तिकिटावर सीट चेक-इनच्या वेळी कंपनी देते. दोघांना शेजारी बसायचं असेल तर सीट निवडता येणारं तिकीट घ्या, आणि मुलीला दोघांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढायला सांगा. दुसरं, तिथे पूर्वी दोन मोठ्या बॅगा फुकट जायच्या. २८ मे २०२५ पासूनच्या बुकिंगवर बहुतेक प्रवाशांना पहिल्या बॅगेचे ३५ डॉलर लागू झाले. साहजिकच लोक जमेल तेवढं सामान आत नेतात आणि डोक्यावरचे कप्पे लवकर भरतात. तिकिटाचा भाव पाहताना बॅगेचे पैसे धरूनच तुलना करा.

प्रश्न : साउथवेस्टच्याच एका जुन्या प्रवासात एका बाईंनी शेजारच्या दोन सीटवर पर्स आणि स्वेटर ठेवून 'सेव्ह्ड' म्हणून सांगितलं. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसंच की! त्यांना तो हक्क होता का? (सोलापूर)

हक्क नव्हता, पण मनाईही नव्हती. सीट धरून ठेवा किंवा ठेवू नका, असा कोणताच नियम कंपनीने केला नव्हता. त्यामुळे भांडण व्हायचं आणि हवाईसुंदरी कुणाचीही बाजू न घेता "पुढे जागा आहे, तिथे बसा" म्हणायची.

तरी एसटीच्या रुमालाशी तुलना पुरती जुळत नाही. रुमाल टाकणारा खिडकीखालीच उभा असतो, त्याच गर्दीतून दरवाजाने चढणार असतो. त्याने फक्त दोन मिनिटांचं अंतर रुमालाने भरून काढलेलं असतं. विमानात जागा धरणारा आपला नंबर दुसऱ्याला वापरायला देतो. समजा नवऱ्याने जादा पैसे भरून ए २० मिळवला आणि बायकोचा नंबर सी ४० आहे. तो तिच्यासाठी सीट धरतो तेव्हा मधल्या १३९ माणसांच्या पुढे तिला बसवतो, आणि पैसे एकाचेच भरलेले असतात. ए २१ ते ए ६० चाळीस, बी गटाचे साठ, सी ३९ पर्यंतचे एकोणचाळीस : मोजून पाहा.

एकत्र बसण्याचा सरळ मार्ग होता. चांगला नंबर असलेल्याने मागे यायचं. ए २० वाल्याने सी ४० बरोबर उभं राहिलेलं कुणालाही चालायचं, कंपनीलाही. उलट केलं, म्हणजे सी ४० वाली ए २० च्या मागून घुसली, तर पास स्कॅन करणारा कर्मचारी तिला बाजूला उभी करी.

प्रवाशांमध्ये आपोआप एक संकेतही रुळला होता : एकच सीट, तीही मधली, तीही विमानाच्या मागच्या अर्ध्या भागात धरली तर कुणी हरकत घेत नसे. अख्खी ओळ धरली, पहिल्या पाच ओळींत धरली, की कुरबुर सुरू. आपत्कालीन दरवाजाजवळची सीट धरणं तर चूकच, कारण तिथे बसणाऱ्याला दरवाजाबद्दल सूचना देऊन तो मदत करायला तयार आहे का हे विचारावं लागतं. अमेरिकेत तिथे १५ वर्षांखालील व्यक्तीला बसवत नाहीत. स्वेटरला काय विचारणार?

जोडप्यांची एक युक्ती मात्र आमच्या मते अगदी चोख होती. एकाने खिडकीत बसायचं, दुसऱ्याने वाटेकडच्या सीटवर, मधली रिकामी ठेवायची. विमान भरलं नाही तर तीन सीट दोघांत. कुणी आलंच तर हसून जागा द्यायची. यात कुणाला अडवलेलं नाही. फक्त तो तिसरा माणूस बसल्यावर त्याच्या मांडीवरून चिवड्याची पुडी इकडून तिकडे करू नये. दोघांपैकी एकाने मध्ये सरकावं, वाटेकडची किंवा खिडकीची सीट त्याला द्यावी. नाही म्हणणारा माणूस सहसा सापडत नाही.

प्रश्न : बोर्डिंगच्या रांगेत बॅग ठेवून चहाला गेलं तर नंबर राहतो का? (ठाणे)

भारतात हे करूच नका. विमानतळावर बेवारस बॅग दिसली की ती सीआयएसएफच्या जवानाची बाब होते. तुम्ही कप घेऊन परत येईपर्यंत बॅगेभोवतीची माणसं हटवलेली असू शकतात.

साउथवेस्टमध्ये २००७ पूर्वी गट होते पण नंबर नव्हते, तेव्हा लोक तास तास आधी गेटसमोर जमिनीवर बॅगांची रांग लावायचे आणि स्वतः भिंतीला टेकून बसायचे. नंबर देण्याचं एक मोठं कारण हेच. एकट्या माणसाने शौचालयाला जाताना मागच्याला "येतो हं" म्हणून जावं, बॅग बरोबर न्यावी, आणि आल्यावर आपल्या जागी उभं राहावं. यात गैर काही नाही. मात्र एकाने उभं राहायचं आणि शेवटच्या क्षणी मागून पाच माणसं येऊन मिसळायची, हे मागच्याला खपत नाही. पाचही जणांनी एकाजवळ जाण्यापेक्षा त्या एकाने मागे पाचांकडे यावं. नियम वरचाच.

प्रश्न : सीट नंबर ठरलेला असताना लोक घोषणा व्हायच्या आधी रांग का लावतात? आणि मागच्या ओळी आधी भरल्या तर काम लवकर होणार नाही का? (पुणे)

रांग सीटसाठी नसते, डोक्यावरच्या कप्प्यासाठी असते. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात सात किलोची एक बॅग आणि लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स सर्वसाधारणपणे चालते. १८० माणसांच्या १८० बॅगा कप्प्यात मावत नाहीत, आणि उशिरा चढणाऱ्याची बॅग दहा ओळी मागे जाते. मग उतरताना तो प्रवाहाच्या उलट दिशेने बॅग आणायला निघतो, आणि मागचे शंभर जण थांबतात. बॅग मऊ असेल आणि पुढच्या सीटखाली जात असेल तर तुम्हाला त्या रांगेत उभं राहायचं कारणच नाही. शेवटी चढा. पण गेट बहुधा उड्डाणाच्या २५ मिनिटं आधी बंद होतं, तेवढं लक्षात असू द्या.

मागून भरण्याचं म्हणाल तर ते दिसतं तेवढं हुशारीचं नाही. जेसन स्टेफन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने विमानाच्या सांगाड्यात ७२ माणसं बसवून वेगवेगळ्या पद्धतींचा वेळ मोजला होता. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मागून पुढे भरायला ६ मिनिटं ११ सेकंद लागले. वाटेल तसं चढू दिलं तर ४ मिनिटं ४४ सेकंद. खिडकीवाले आधी, मग मधले, मग वाटेकडचे, असं केलं तर ४ मिनिटं १३ सेकंद. कारण उघड आहे. मागच्या चार ओळींची माणसं एकदम आत आली की ती एकाच ठिकाणी बॅगा चढवायला उभी राहतात. बाकीची वाट रिकामी असूनही कुणी पुढे सरकत नाही. स्टेफनने सुचवलेल्या क्रमात एक ओळ सोडून एकेक माणूस जातो, म्हणजे प्रत्येकाला हात वर करायला जागा मिळते. त्याला ३ मिनिटं ३६ सेकंद लागले. पण मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबाला एक ओळ सोडून उभं करणं कोणत्या कंपनीला जमणार?

गेटवरून बसने नेणार असतील तर रांगेला काडीचा अर्थ नाही. बसमध्ये पहिला चढणारा आत ढकलला जातो, शेवटचा दाराशी राहतो आणि तोच पहिला उतरतो. तिथे पाहायचं ते वेगळंच : विमानाला पुढे आणि मागे असे दोन जिने लावले असतील तर ओळ १ ते १५ साधारणपणे पुढून, १६ च्या पुढे मागून. पासवर किंवा घोषणेत सांगतात. विसावी ओळ असलेला माणूस पुढच्या जिन्याने चढला की मधोमध तोंडावर तोंड येतं आणि दोघांनाही आत जायचं असतं, बाहेर कुणालाच नाही.

प्रश्न : तिकिटं एकत्र काढली तरी आठ वर्षांच्या नातवाची सीट सहा ओळी मागे आली. शेजाऱ्याने सीट बदलून दिली नाही. हे माणुसकीला धरून आहे का? (कोल्हापूर)

शेजाऱ्याकडे जायच्या आधी कंपनीकडे जायचं होतं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे त्याच बुकिंगमधल्या, निदान एका पालकाजवळ सीट द्यावी, असा निर्देश डीजीसीए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे. ऑनलाइन चेक-इनमध्ये दूरची सीट दिसली तर तिथेच 'मान्य' दाबू नका. काउंटरवर जाऊन हा निर्देश सांगा. मुलाचं तिकीट वेगळ्या बुकिंगमध्ये असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते.

शेजाऱ्याला विचारायचंच झालं तर आपल्याकडची चांगली सीट पुढे करून विचारावं. खिडकीसाठी चारशे रुपये भरलेल्या माणसाला मागची मधली सीट देऊन "लेकरू आहे हो" म्हणणं ही विनंती नाही, भीड घालणं आहे. त्याच्या सीटवर आधी बसून मग विचारणं तर त्याहून वाईट. त्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडावा.

प्रश्न : आईवडील पहिल्यांदाच मुंबईहून अमेरिकेला येत आहेत. व्हीलचेअर मागितली की रांगा टळतात असं सगळेच सांगतात. मागवावी का? (न्यू जर्सी)

गुडघे दुखत असतील, इमिग्रेशनला तासभर उभं राहणं जमत नसेल तर संकोच न करता मागवा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत ही सेवा मोफत आहे. बुकिंग करतानाच प्रकार नीट सांगा : जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्यासाठी डब्ल्यूसीएचआर, जिना चढवत नाही, पण आत चार पावलं चालता येतं, त्यासाठी डब्ल्यूसीएचएस, सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, त्यासाठी डब्ल्यूसीएचसी. चुकीचा प्रकार नोंदवला की ऐन वेळी बसच्या पायऱ्यांशी अडचण होते.

तब्येत ठणठणीत आहे आणि भीती फक्त इंग्रजीची, तर व्हीलचेअर नको. सोबत घेऊन जाणारा माणूस देण्याची सोय कंपनीकडे आहे का ते विचारा. ती नसेल तर एका कागदावर विमान क्रमांक, तुमचा पत्ता आणि फोन इंग्रजीत लिहून द्या. मोजक्या खुर्च्या असतात. धडधाकट माणूस एकीत बसला की खरी गरज असलेल्या आजी दाराशी ताटकळतात. खुल्या सीटच्या काळात साउथवेस्टमध्ये हे फार बोकाळलं होतं. खुर्चीतून आधी चढून पुढच्या ओळी पकडायच्या आणि पोचल्यावर पायांनी भराभर निघायचं. लोक त्याला चमत्काराचं विमान म्हणायचे.

आणखी एक. व्हीलचेअरवाल्यांना आधी चढवतात, पण उतरवतात सर्वांत शेवटी. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.