वाचकांचे प्रश्न : पाकीट एकच, दांडे मात्र आखूड

प्रश्न : झिनियाच्या एकाच पाकिटातलं अर्धं बी जूनमध्ये लावलं, उरलेलं नोव्हेंबरमध्ये. जूनची झाडं कमरेपर्यंत गेली. नोव्हेंबरची गुडघ्याखालीच फुलली, दांडे फुलदाणीतही पुरत नाहीत. बी जुनं झालं का? (बोरिवली)

उत्तर : जुनं बी कमी उगवतं, उगवलेलं झाड त्यामुळे बुटकं राहत नाही. फरक दिवसाच्या लांबीचा आहे. मुंबईत जूनअखेर दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. दिवस लहान असला की झिनिया लवकर कळी धरते, आणि शेंड्यावर कळी बसली की त्या दांड्याला नवी पेरं फुटत नाहीत. तुमच्या रोपांना उंच व्हायला वेळच मिळाला नाही.

तरी जूनचीच पेरणी करा असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या पावसात पानं सतत ओली राहतात आणि करपा येतो. मुंबईसाठी फेब्रुवारीची पेरणी उत्तम : दिवस वाढत असतो, पाऊस नसतो, एप्रिलमध्ये फुलं मिळतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल, शक्यतो कायमच्या जागीच पेरा. दोन रोपांत 25 सेंटीमीटर अंतर ठेवा. रोप वीतभर झालं की खालच्या तीन-चार पानजोड्या ठेवून शेंडा खुडा. मग बाजूने येणारे दांडे कापायला लांब मिळतात.

फुलं हिवाळ्यातच हवी असतील तर रोपांच्या वर तीन फुटांवर 9 वॉटचा एलईडी दिवा संध्याकाळी सहा ते नऊ लावा. खरी पानं (बीपानांनंतरची पहिली जोडी) आल्यापासून चार आठवडे पुरे. एकही संध्याकाळ चुकवू नका.

कापण्याआधी फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान डुलली तर थांबा, ताठ राहिली तर कापा. कच्चं तोडलेलं फूल पाण्यात उमलत नाही, माना टाकतं.

प्रश्न : दसऱ्यासाठी झेंडू मे महिन्यात पेरला. झाडं पानांनी माजली, आडवी झाली आणि सणाला फुलंच नव्हती. (मुलुंड)

उत्तर : घाई झाली. उंच आफ्रिकन झेंडूला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण 80 ते 85 दिवस लागतात, म्हणून सणाच्या तारखेपासून मागे मोजा. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. पहिल्यासाठी पेरणी 1 ऑगस्टच्या सुमारास येते, दुसऱ्यासाठी 10 जुलैच्या. दरवर्षी एकच तारीख धरून चालत नाही ती यामुळे. त्या दिवसांत पाऊस भरात असतो, तेव्हा रोपं आडोशाला ट्रेमध्ये करा. माती चिकचिकीत राहिली की रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. तीन-चार आठवड्यांची झाली की हलवा आणि लगेच काठीचा आधार द्या.

आणखी एक. गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर कुंड्या तिथून हलवा. तो उजेड झेंडूला दिवस मोठा भासवतो आणि कळी उशिरा धरते.

प्रश्न : सूर्यफुलं सगळी एकाच आठवड्यात आली. पुढे काय? (दादर)

उत्तर : एका दांड्याला एकच फूल देणारा वाण पुन्हा फुलत नाही. दर दहा दिवसांनी थोडं थोडं बी पेरत जा. हिवाळ्यात पेरायचं असेल, तर दिवसाच्या लांबीला न जुमानणारा वाण दुकानात विचारून घ्या. बाकीचे बरेच वाण झिनियासारखेच बुटके राहतात.