पिढीजात कुरण आणि लाकडाचे उत्पन्न यांची सांगड कशी घालावी?

पिढीजात कुरणाला लागून जंगल आहे, गुरांच्या उत्पन्नात खर्च भागत नाही, तेव्हा जंगल न संपवता लाकडातून दरवर्षी ठरावीक पैसा मिळेल का, असे आपण विचारले आहे. पैसा मिळतो; दरवर्षी मिळण्याची अपेक्षा मात्र आपण सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. चारा संपला की गुरे पडत्या भावातही विकावी लागतात. झाड भाव येईपर्यंत उभे राहू शकते आणि तेवढ्या काळात वाढतही राहते. घरखर्च गुरांवर चालवावा आणि लाकडाचा पैसा कुंपण, पाणवठे, कर्जफेड अशा मोठ्या कामांसाठी ठेवावा, ही पद्धत मला मानवली आहे.

पहिल्या तोडीच्या वेळी झाडे निवडण्याचे काम मी व्यापाऱ्यावर सोपवले, आणि त्याची खंत मला आजही आहे. त्याने सरळ, जाड खोडे नेली. वाकडी आणि रोगट झाडे मागे राहिली, आणि पुढची रोपे त्यांच्याच बियांतून उगवली. आता प्रत्येक झाडावर मी स्वतः रंगाची खूण करतो, आधी निकृष्ट झाडे काढतो आणि उत्तम झाडांना मोकळी जागा देतो. किती तोडावे हे ठरवण्यासाठी काही ठरावीक तुकड्यांतील झाडांचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर दर पाच वर्षांनी मोजतो. समजा, हेक्टरी वर्षाला ३ घनमीटर वाढ होत असेल, तर दहा वर्षांत ३० घनमीटर लाकूड तयार होते. त्यातले २० ते २५ घनमीटरच काढावे, कारण वादळ, कीड आणि आग यांचा वाटाही त्यातूनच जातो.

अशी झाडे काढून जंगल विरळ केल्यावर जमिनीवर ऊन पोहोचते, गवत वाढते आणि उन्हाळ्यात गुरांना सावलीही मिळते. परंतु कोवळ्या रोपांचा शेंडा गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत तो भाग चराईला बंदच ठेवावा लागतो. ओल्या जमिनीत कळप फार दिवस ठेवला तर खुरांनी माती घट्ट होते आणि मुळांची वाढ खुंटते, म्हणून मी कळप लवकर हलवतो.

तोडलेल्या फांद्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण धोका तिथेच असतो. पाँडेरोसा पाइन या उत्तर अमेरिकेतील झाडाची सुईसारखी पाने खाल्ल्याने शेवटच्या तीन महिन्यांतील गाभण गायी गाभडू शकतात, आणि चेरीच्या कुळातील काही झाडांच्या कोमेजलेल्या पानांत सायनाइड तयार होते. त्यामुळे तोड चालू असताना आणि फांद्या उचलल्या जाईपर्यंत कळप दुसऱ्या कुरणात न्यावा. जमीन कोरडी असतानाच ओंडके ओढून न्यावेत, आणि ही अट विक्रीच्या लेखी करारातच घालावी.