‘कमांडंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: जनरल इनायत हबीबुल्ला यांच्यावरच्या एका लेखात त्यांना ‘एनडीएचे सेनापती’ म्हटलंय. (एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि तिचा प्रमुख तो कमांडंट.) हे बरोबर आहे का, की ‘समादेशक’ म्हणायला हवं?

‘सेनापती’ नक्कीच नको. सेनापती सैन्य घेऊन लढतो. कमांडंटच्या हाती असते एक संस्था, आणि तिथली अजून सैनिक न झालेली मुलं. शिवाय राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदल, नौदल, हवाईदल तिन्हींचे छात्र एकत्र शिकतात आणि तिचा प्रमुख कधी नौदलातला व्हाइस ॲडमिरलही असतो. त्याला सेनापती कसं म्हणणार? ‘कमांडर’ही चालत नाही, कारण नौदलात तो एक ठरलेला हुद्दा आहे. ‘प्राचार्य’ म्हणावं, तर शैक्षणिक बाजू सांभाळणारे प्राचार्य तिथे वेगळे असतात.

राहिला ‘समादेशक’. सम् अधिक आदेश, घडण चोख. राज्य राखीव पोलीस बलाच्या गटाचा प्रमुख समादेशक, होमगार्डचा जिल्हा समादेशक. सरकारी कागदांत हा शब्द पक्का रुळलाय. पण म्हणूनच त्याला पोलिसी वळण लागलंय. पुण्यात ‘समादेशक’ म्हटलं की डोळ्यांसमोर राखीव पोलिसांची रामटेकडी येते, प्रबोधिनीचं खडकवासला नाही.

जुन्या मराठीत या अर्थाच्या सगळ्यात जवळचा शब्द होता ‘हवालदार’. शिवकाळात गड ज्याच्या हवाली असे तो हवालदार. सबनीस, कारखानीस, सरनोबत त्याच्या जोडीला. सैन्याचा नव्हे, एका ठिकाणाचा आणि तिथल्या माणसांचा जबाबदार माणूस. अर्थ अगदी नेमका! पण आज हवालदार म्हणजे बाहीवर तीन फिती. इतका घसरलेला शब्द परत वर चढवता येत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

हबीबुल्लांचं आयुष्य पाहिलं की ‘हवाली’ हा अर्थ किती चपखल आहे ते कळतं. लखनौच्या तालुकदार, म्हणजे बड्या जमीनदार घराण्यातले, इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकलेले. फाळणीत काही भावंडं पाकिस्तानात गेली, हे भारतीय सैन्यातच राहिले. तिन्ही दलांचं एकत्र प्रशिक्षण १९४९च्या जानेवारीत डेहराडूनजवळ क्लेमेंट टाऊनला सुरू झालं होतं. तेव्हाचे पहिले कमांडंट ठाकूर महादेव सिंग. पुढे ते सगळं बिऱ्हाड खडकवासल्याच्या नव्या इमारतींत आलं आणि १६ जानेवारी १९५५ला प्रबोधिनीचं उद्घाटन झालं, ते हबीबुल्लांच्या कारकिर्दीत. रणांगणावरच्या हुकमापेक्षा हे काम फार वेगळं. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुलांना एका ताटात जेवायला बसवायचं, एका मैदानावर उभं करायचं, आणि मग प्रत्येकाला आपापल्या दलाकडे धाडायचं. तिथलं एक सभागृह आजही ‘हबीबुल्ला हॉल’ म्हणून ओळखलं जातं.

म्हणून माझं मत ‘कमांडंट’च ठेवावं असं आहे. ‘कॅप्टन’, ‘कर्नल’, ‘मेजर’ आपण कधीच आपले केलेत. वाचक अगदी नवखा असेल तर पहिल्यांदा ‘प्रबोधिनीचे प्रमुख (कमांडंट)’ असं लिहावं, पुढे नुसतं कमांडंट. तेव्हा लेखातलं वाक्य असं होईल: ‘प्रबोधिनी खडकवासल्याला आली तेव्हा मेजर जनरल हबीबुल्ला तिचे कमांडंट होते.’